वजन उतरलं, हाडांचं काय?

बॅरिएट्रिक, म्हणजे वजन घटवण्याच्या, शस्त्रक्रियेनंतर काटा झरझर खाली येतो, मधुमेह आटोक्यात येतो आणि घरात पेढे वाटले जातात. त्या आनंदात हाडांची आठवण कुणाला होत नाही, कारण हाडं झिजताना दुखत नाहीत.

गॅस्ट्रिक बायपास या तिच्या एका प्रकारात अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. नेमकं तिथेच कॅल्शियम सर्वात कार्यक्षमपणे शोषलं जातं. रक्तातलं कॅल्शियम घटू लागलं की पॅराथायरॉइड ग्रंथी जागी होते आणि हाडांच्या ठेवीतून उचल घेऊन रक्ताची गरज भागवते. म्हणून रक्तातल्या कॅल्शियमचा अहवाल उत्तम येऊनही हाडं पोकळ होत असू शकतात! ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासल्याशिवाय खरा हिशेब कळत नाही. त्यात शरीराचा भार हलका झाल्याने हाडांना मिळणारा रोजचा व्यायामही कमी होतो. जठर लहान करणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेतही झीज होते, सहसा थोडी कमी.

अशा रुग्णांना साधारणपणे रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आहार आणि गोळ्या मिळून. पोटातलं आम्ल घटलेलं असल्याने कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा कॅल्शियम सायट्रेट बरं. एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर ठेवा. नाचणी, तीळ, दही खावंच. पण नुसत्या आंबिलीवर भागेल, हा भाबडेपणा झाला. पुरेशी प्रथिनं आणि वजन उचलण्याचे व्यायामही हवेत.

गोळ्या मात्र वर्षभराने बंद करायच्या नसतात. त्या आयुष्यभराच्या आहेत.