टेकडीवरचे चर्च आणि गावाची नजर

देवळात माणसे मावेनाशी झाली म्हणजे आपण काय करतो? समोर मांडव घालतो. पहिली एक-दोन वर्षे तो कापडाचा असतो, मग पत्र्याचा होतो, आणि पुढे एखाद्या सधन भक्ताच्या देणगीतून त्याचा सिमेंटचा सभामंडप होतो. जुने दगडी शिखर त्याच्यामागे दडते. शेजारच्या वाड्यातील ज्या आजोबांना ओट्यावर बसल्या बसल्या कळसाचे दर्शन घडत असे, ते काही दिवस कुरकुरतात आणि मग गप्प बसतात. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, यात कोणाचे काही गेले असे कोणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेतील टेक्सस राज्यात मात्र अशाच एका प्रकरणातून उठलेला वाद सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढला आणि त्या देशाच्या घटनेच्या इतिहासात कायमचा जाऊन बसला. वकील मंडळी तो घटनेसाठी वाचतात. मला तो एका वास्तूची हकीकत म्हणून सांगावासा वाटतो.

गावाचे नाव बर्नी. सॅन अँटोनियो शहराच्या वायव्येस सुमारे २८ मैलांवर हे गाव आहे. १८४९ साली जर्मनीतून आलेल्या काही शिकल्यासवरल्या मंडळींनी येथे वसाहत केली आणि तिला रोमन पंडित सिसेरो याच्या निवासस्थानावरून टस्क्युलम असे भारदस्त नाव दिले. १८५२ साली गावाची रीतसर आखणी झाली तेव्हा ते नाव जाऊन लुडविग ब्योर्ने या जर्मन लेखकाचे नाव आले, आणि टेक्ससच्या जिभेवर त्याचे बर्नी झाले. ब्योर्ने काही तेथे कधी गेला नव्हता. तो १८३७ सालीच पॅरिसला वारला होता. दूरदेशी वस्ती करून राहिलेल्यांना मागच्या मुलखातील नावांचा किती लळा असतो, हे इंदूर-देवासच्या मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. या वसाहतकारांत स्वतःस मुक्तविचारवादी म्हणवणारे बरेच होते. धर्मसंस्थेशी त्यांचे फारसे सूत नव्हते. अशा गावाचे नाव पुढे एका चर्चमुळे देशभर व्हावे, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची.

हे चर्च सेंट पीटरचे, कॅथलिक पंथाचे. गावातील टेकडीवर ते १९२३ साली बांधले गेले. धाटणी त्या मुलखातील जुन्या मिशनांची. अठराव्या शतकात स्पेनच्या फ्रान्सिस्कन साधूंनी सॅन अँटोनियोच्या परिसरात जाड भिंतींची, घंटा टांगलेली मिशने उभारली होती. त्यांपैकीच एक अॅलामो. १९२३ च्या बांधकाम करणाऱ्यांनी त्या जुन्या वळणाची जाणूनबुजून नक्कल केली. म्हणजे ज्या वास्तूला पुढे ऐतिहासिक म्हणून जपण्याचा आग्रह झाला, ती स्वतःच आपल्याहून जुन्या इतिहासाची प्रतिकृती होती. पण त्यात हसण्यासारखे काही नाही. सत्तर वर्षे एक इमारत टेकडीवर उभी राहिली, दोन-तीन पिढ्यांनी खालच्या रस्त्यावरून ती पाहिली, की ती प्रतिकृती असली तरी त्या गावापुरती अस्सल होऊन जाते.

आता अडचण काय होती ती पाहा. चर्चमध्ये बसण्याची सोय होती सुमारे २३० माणसांची. सॅन अँटोनियो शहर पसरत पसरत बर्नीकडे येऊ लागले होते. १९९० च्या शिरगणतीत गावात सव्वाचार हजारांच्या आसपास वस्ती होती. २०२० साली ती सतरा हजार आठशेच्या घरात गेली. रविवारच्या काही उपासनांना ४० ते ६० माणसांना जागा मिळेनाशी झाली.

ज्याला देवळाची सवय आहे त्याला या आकड्याचे गांभीर्य चटकन उमगणार नाही. आपल्या देवळात माणूस येतो, घंटा वाजवतो, दर्शन घेतो, प्रदक्षिणा घालतो आणि निघतो. लहानशा गाभाऱ्यापुढून दिवसभरात हजारो माणसे सरकत जातात. आमच्या खजराण्याच्या गणपतीला बुधवारी लोटणारी गर्दी पाहा. ती वाहती असते म्हणूनच सामावते. कॅथलिकांच्या मिस्सेचे तसे नाही. तेथे सर्वांनी एकाच वेळी यावयाचे, एकत्र बसावयाचे, वेदीवर चाललेला विधी आरंभापासून शेवटापर्यंत पाहावयाचा. शिवाय १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या सहभागावर मोठा भर दिला. लोकांनी नुसते हजर राहू नये, विधीत आवाज मिसळावा, असे ठरले. लॅटिनच्या जोडीला लोकभाषा आल्या, आणि लोकांकडे पाठ करून मिस्सा म्हणणारे धर्मगुरू ठिकठिकाणी लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. त्यानंतर दाराबाहेर उभ्या राहिलेल्या साठ माणसांची गोष्ट केवळ गैरसोयीची राहिली नाही. ती माणसे उपासनेच्याच बाहेर राहिली.

कोणी म्हणेल, एक मिस्सा वाढवा, किंवा दुसरे चर्च दुसरीकडे बांधा. असे सल्ले शेजारी नेहमीच मोफत देतात. पण मिस्सा वाढवायची तर धर्मगुरू हवा, आणि दुसरे चर्च बांधले की एका कळपाचे दोन होतात. ज्या वेदीसमोर आजीचे लग्न लागले तेथेच नातीचे लागावे, या इच्छेला मी तरी भाबडेपणा म्हणणार नाही.

सॅन अँटोनियोचे आर्चबिशप त्या वेळी पॅट्रिक फ्लोरेस होते. मेक्सिकन वंशाचे हे पहिले अमेरिकन बिशप; शेतमजुरी करीत हिंडणाऱ्या कुटुंबात वाढलेले. इमारत मोठी करण्याचा आराखडा तयार करावयास त्यांनी चर्चला संमती दिली. त्यानंतर काही महिन्यांतच बर्नीच्या नगर कौन्सिलने एक नियम मंजूर केला. ऐतिहासिक वास्तू आणि ऐतिहासिक वस्त्या यांचा आराखडा एका समितीने करावा, आणि अशा ठिकाणी काहीही बांधण्यापूर्वी त्या समितीची संमती घ्यावी, असा तो नियम. आर्चबिशपांनी बांधकामाचा परवाना मागितला. चर्च ऐतिहासिक वस्तीच्या हद्दीत येते असे सांगून गावाने तो नाकारला.

येथपर्यंत दोन्ही बाजूंना न्याय आहे, असे माझे मत आहे. चर्चची भिंत चर्चच्या मालकीची खरी. पण तिचे दर्शन गावाच्या मालकीचे असते. जुना रस्ता, त्यावरची घरे, टेकडीवरचा घंटेचा मनोरा हे सगळे मिळून गावाचा चेहरा होतो, आणि एकाने आपल्यापुरती गरज भागवताना सर्वांचा चेहरा बदलू नये, हे म्हणणे काही धर्मद्वेषाचे नाही. उलट पक्षी, देवळाचे पदार्थसंग्रहालय करून टाकण्याचा अधिकार गावाला कोणी दिला, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे. शांतपणे नकाशा पुढे ठेवून बोलण्याजोगी ही गोष्ट होती. बोलणे झाले ते न्यायालयात.

कायद्याची भानगड थोडक्यात सांगतो. १९९० साली ऑरेगन राज्यातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले होते की, जो कायदा सर्वांना सारखा लागू आहे त्यातून धर्माच्या नावाने सूट मागता येणार नाही. तेथील मूळच्या इंडियन लोकांच्या चर्चमधील दोघांनी धर्मविधीत पेयोटी नावाच्या निवडुंगाचे सेवन केले होते. त्यापायी त्यांची नोकरी गेली आणि बेकारीचा भत्ताही नाकारला गेला. या निकालाने सगळ्याच पंथांचे लोक अस्वस्थ झाले. १९९३ साली अमेरिकन काँग्रेसने धर्मस्वातंत्र्य पूर्ववत करणारा कायदा जवळजवळ एकमताने केला; सिनेटमध्ये विरोधी मते पडली अवघी तीन. आर्चबिशपांनी याच कायद्याचा आधार घेतला. खालच्या न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला, अपील न्यायालयाने तो उचलून धरला, आणि २५ जून १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो राज्ये व नगरपालिका यांच्यापुरता रद्द केला. निकालपत्र न्यायमूर्ती केनेडी यांचे. हक्काची अंमलबजावणी काँग्रेसने करावी, पण हक्काचा अर्थ काय हे ठरवणे तिचे काम नव्हे, असा त्याचा मथितार्थ. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी वेगळ्या टिपणात एक मार्मिक गोष्ट सांगितली. टेकडीवरची हीच इमारत एखाद्या नास्तिकाचे संग्रहालय किंवा चित्रशाळा असती, तर त्याला अशी सूट मिळाली नसती. मग चर्चलाच का? बर्नीचे जुने मुक्तविचारवादी हे वाचून खूष झाले असते.

या निकालाला पुढे शेपूट आहे, आणि ते आपल्या लोकांपर्यंत येऊन पोचते म्हणून सांगितले पाहिजे. २००० साली अमेरिकन काँग्रेसने दुसरा, अधिक आटोपशीर कायदा केला. जमिनीच्या वापराचे नियम लावताना कोणत्याही धार्मिक संस्थेवर भारी जाच होता कामा नये. झाला तर त्यासाठी तितकेच भारी सार्वजनिक कारण दाखवले पाहिजे, असे त्याने सांगितले. या कायद्याचा मोठा लाभ एका भारतीय समाजाला झाला. कॅलिफोर्नियातील यूबा सिटीच्या भागात पंजाबी शेतकरी विसाव्या शतकाच्या आरंभापासून जाऊन राहिले आहेत. तेथील शीख संस्थेने प्रथम घरवस्तीत सुमारे दोन एकरांची जागा घेऊन गुरुद्वाऱ्याची परवानगी मागितली. गोंगाट होईल, मोटारींची गर्दी होईल म्हणून शेजाऱ्यांनी हरकत घेतली आणि अर्ज फेटाळला गेला. म्हणून संस्थेने शेतीच्या भागात जवळजवळ २९ एकर घेतले, एका वेळी ७५ हून अधिक माणसे जमणार नाहीत असे लिहून दिले. तेथेही नकार! वस्तीत गेलात तर गर्दी होते, वस्तीबाहेर गेलात तर विस्कळीत वाढ होते, असा हा पेच. २००६ साली अपील न्यायालयाने गुरुद्वाऱ्याच्या बाजूने निकाल दिला.

आपल्यापैकी पुष्कळांची मुलेबाळे आज त्या देशात आहेत. एखादे घर किंवा बंद पडलेली इमारत घेऊन तेथे देऊळ करावयाचे म्हटले की शेजारी पहिला प्रश्न विचारतात तो देव कोणता हा नव्हे, मोटारी कोठे उभ्या करणार हा. पुष्कळ गावांत किती आसनांमागे किती मोटारींची जागा हवी याचे कोष्टकच ठरलेले असते. मग नकाशात गाभाऱ्याआधी डांबरी आवार आखावे लागते. त्यांच्या तक्रारीत तथ्य नसते असे नाही. ज्याच्या दारात दर रविवारी परक्या मोटारी उभ्या राहतात त्याचा त्रास खरा असतो. पण तक्रार रहदारीची आहे की शेजाऱ्याच्या वेगळेपणाची, हे पारखण्याचे काही साधन कायद्याने द्यावे लागते, आणि बर्नीत हरलेल्या खटल्यानेच पुढे तेथील देवळांना आणि गुरुद्वाऱ्यांना ते मिळवून दिले.

आणि बर्नीच्या त्या चर्चचे काय झाले? निकालानंतर काही आठवड्यांतच गाव आणि चर्च यांनी आपसात तडजोड केली. जुन्या इमारतीचा सुमारे ८० टक्के भाग राखावयाचा आणि नवे, पुष्कळ मोठे उपासनागृह तिच्या मागच्या बाजूस जोडावयाचे. वॉशिंग्टनच्या नऊ न्यायमूर्तींपुढे हा ८० टक्क्यांचा प्रश्न कधी आलाच नव्हता. तेथे चर्चा होती ती काँग्रेसचा अधिकार किती आणि न्यायालयाचा किती याची. रेघ शेवटी नकाशावरच ओढली गेली.

आपल्या राजवाड्याचे उदाहरण घ्या. १९८४ च्या दंगलीत आग लागली आणि मागचा चौक जळून गेला. समोरचे सात मजली प्रवेशद्वार तेवढे टिकले. २००७ च्या सुमारास मागचा भाग पुन्हा उभारला गेला. मधल्या वीस-बावीस वर्षांत राजवाडा गेला असे खजुरी बाजारातील कोणी म्हणत नव्हते. आत होळकरांचे काय काय होते हे जाणणारे हळहळत होते; पण चौकातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राजवाडा जागेवरच होता. गावाची नजर समोरच्या बाजूवर जडते आणि आत राहणाऱ्याची, आत उपासना करणाऱ्याची गरज बहुधा मागच्या बाजूला भागवता येते. आपल्या देवळांचे दुखणे असे की, त्यांचा गाभारा मागे आणि मोकळी जागा पुढे. वाढ पुढेच होते आणि नजर नेमकी तेथेच अडते. सभामंडपाचा नकाशा करणाऱ्याने निदान छप्पर किती उंच घ्यावयाचे आणि बाजूच्या गल्लीतून शिखर दिसेल इतकी फट कोठे ठेवावयाची, एवढे तरी ओट्यावरच्या आजोबांपाशी उभे राहून पाहावे. त्याला खर्च काही येत नाही.

बर्नीच्या टेकडीवर १९२३ चे ते मिशन वळणाचे चर्च आजही पुढे उभे आहे. मोठे उपासनागृह मागे आहे, आणि खालच्या रस्त्यावरून येणाऱ्याच्या नजरेत आधी जुने चर्चच भरते.