हळद स्वयंपाकघरातली आणि कॅप्सूलमधली

परभणी परिसरातील वाचकांना हळदीची ओळख करून देण्याची गरज नाही. हळदीच्या बाजारपेठेसाठी ख्यातनाम असलेला वसमत तालुका १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होता. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. या जुन्या सलगीमुळेच औषधाच्या दुकानातील हळदीची कॅप्सूल आपण निर्धास्तपणे घेतो. ‘हळदच तर आहे, अपाय कसला?’ हा विचार मात्र तपासून पाहिला पाहिजे.

प्रथम प्रमाण पाहू. हळदीतील कर्क्युमिन हा पिवळा घटक साधारणतः दोन ते पाच टक्के असतो. एक चमचा, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम पुडीत तो शंभर मिलिग्रॅमच्या आसपास भरतो आणि भाजी-वरणातून माणशी पोटात जाणारी हळद याहूनही कमी असते. ९५ टक्के अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये मात्र तोच घटक ४७५ मिलिग्रॅम असतो. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने मान्य केलेली दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे तीन मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीस १८० मिलिग्रॅम आहे.

दुसरा मुद्दा शोषणाचा. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. जे थोडे शोषले जाते त्याचेही आतडे आणि यकृत त्वरेने रूपांतर करून ते बाहेर टाकतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी त्यासोबत काळ्या मिरीतील पिपेरीन दिले, तेव्हा रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता सुमारे वीस पटीने वाढली. तेव्हापासून अनेक कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घातला जातो. परंतु पिपेरीन यकृताची ही निचऱ्याची प्रक्रियाच मंदावते. त्यामुळे फिट्सवरील फेनिटॉइनसारख्या इतर औषधांचे रक्तातील प्रमाणही वाढू शकते.

लाभ मुळीच नाही, असे नव्हे. गुडघ्याच्या संधिवातात वेदना काहीशी कमी झाल्याचे काही चाचण्यांत आढळले आहे. मात्र त्या चाचण्या बहुतांशी लहान आणि अल्पकाळाच्या आहेत.

आता धोका. अमेरिकेतील एका अभ्यासात हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद आहे. त्यांपैकी पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एकाचा मृत्यू झाला. सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली, म्हणजे ही इजा प्रत्येकाला होत नाही. परंतु ती कोणाला होईल हे आपल्याला आधी कळत नाही. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामक संस्थेनेही अशा उत्पादनांबाबत इशारा दिला. प्रमाण विरळ असले, तरी परिणाम गंभीर आहे.

म्हणून यकृताचा विकार किंवा पित्ताशयातील खडे असणाऱ्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याविना ही कॅप्सूल घेऊ नये. मुतखड्याची प्रवृत्ती असल्यास हळदीतील ऑक्झलेटचे भान ठेवावे. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आपण अशी कॅप्सूल घेत असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे. कॅप्सूल सुरू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर ती तत्काळ थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी.

रोजच्या स्वयंपाकातील हळदीला यातील कोणतीही भीती चिकटवू नये. फक्त डोळ्यांत भरणाऱ्या पिवळ्याधमक पुडीला भुलू नये, कारण तो रंग आणण्यासाठी शिसेयुक्त रंगाची भेसळ झाल्याचे प्रकार उघड झाले आहेत. विश्वासू ठिकाणची हळकुंडे आणून ती गिरणीत दळून घेणे अधिक सुरक्षित. घरातील वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेताना मात्र त्यांच्या गोळ्यांच्या पिशवीत हळदीच्या कॅप्सूलची बाटलीही आठवणीने ठेवा. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी ती त्यांना दाखवा.