विद्यापीठे, संगणक आणि वेळेवर दिलेली खबर

नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, बेल्जियमच्या सरहद्दीलगत, मास्त्रिख्त नावाचे एक प्राचीन नगर आहे. तेथील विद्यापीठाची नाताळची सुट्टी नुकतीच सुरू होत असताना, 23 डिसेंबर 2019 रोजी सायंकाळी, विद्यापीठाच्या 267 सर्व्हरांवरील दस्तऐवज एकाएकी वाचता येईनासे झाले. चोराने पेटी पळवून न नेता तिला आपले कुलूप घालावे आणि किल्लीची किंमत मागावी, तसा हा रॅन्समवेअर नावाचा खंडणीचा प्रकार होता. विद्यार्थ्यांचे प्रबंध, प्राध्यापकांचे संशोधन आणि तोंडावर आलेल्या परीक्षांचा सारा बंदोबस्त या कुलपाच्या आड गेला, आणि राखून ठेवलेल्या प्रतींपैकी काही त्याच जाळ्याला जोडलेल्या असल्यामुळे त्यांचाही आधार उरला नाही. अखेर विद्यापीठाने 30 बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे दोन लाख युरो, गुन्हेगारांना देऊन किल्ली मिळविली.

फॉक्स-आयटी या डच कंपनीच्या तपासनीसांनी या अरिष्टाचे मूळ शोधले, तेव्हा ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मागे गेले. त्या सुमारास आलेल्या फसव्या ई-मेलांपैकी दोन उघडल्या गेल्या होत्या, आणि त्यांतील दुव्यावरून उतरलेल्या एका एक्सेल फाइलीच्या पोटात दडलेल्या आज्ञावलीने परक्यांना आत येण्याची वाट करून दिली होती. त्यानंतर दोन महिन्यांहून अधिक काळ हे परके इसम विद्यापीठाच्या जाळ्यात हिंडत राहिले, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर न बसविलेले सर्व्हर त्यांनी हेरले, आणि सर्वाधिकार हाती येईपर्यंत वाट पाहिली. दुव्यावर एक बोट पडते तो क्षण आणि सर्वनाशाचा क्षण यांच्यामध्ये बहुधा काही दिवसांचे, कधी काही आठवड्यांचे अंतर असते, आणि या अंतरातच सारे वाचविता येण्यासारखे असते, ही गोष्ट सामान्य वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परंतु मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट पुढची. अब्रूला भिऊन प्रकरण दडपून टाकण्याची जी वहिवाट जगभरच्या संस्थांत आहे, ती सोडून मास्त्रिख्तच्या विद्यापीठाने 5 फेब्रुवारी 2020 रोजी जाहीर परिसंवाद भरविला, तपासाचा अहवाल सर्वांना खुला केला, आणि आपल्याकडून काय काय कसूर झाली ते इतर विद्यापीठांच्या उपयोगासाठी उघडपणे सांगितले. पुढे या खंडणीपैकी काही रक्कम युक्रेनमधील एका खात्यात गोठविण्यात आली. गोठविली तेव्हा तिची किंमत सुमारे चाळीस हजार युरो होती, परंतु बिटकॉइनचा भाव चढल्यामुळे 2022 साली परतीच्या वेळी ती सुमारे पाच लाख युरो भरली, आणि हा पैसा गरजू विद्यार्थ्यांसाठी वापरण्याचा निर्णय विद्यापीठाने घेतला.

विद्यालये गुन्हेगारांच्या दृष्टीत का भरतात, याचे कारण त्यांच्या स्वभावातच आहे. बँकेत वा कारखान्यात कोणी शिरावे आणि कोणी शिरू नये हे ठरलेले असते. विद्यापीठाचा प्राणच मोकळेपणा आहे. दरवर्षी हजारो नवी मुले येतात, तितकीच जातात, प्रत्येकाच्या हाती स्वतःचा मोबाइल, स्वतःचा लॅपटॉप. पाहुणे व्याख्याते येतात, परदेशी संशोधक येतात, आणि प्रयोगशाळेतला एकच संगणक सकाळपासून संध्याकाळपर्यंत अनेक हातांखालून जातो. हा मोकळेपणा बंद करून सुरक्षितता मिळविणे म्हणजे ज्याचे रक्षण करावयाचे तेच गमावणे होय.

इंटरनेटवरील पहिला मोठा उत्पातही विद्यापीठांच्या आवारातूनच उद्भवला. 2 नोव्हेंबर 1988 रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने, एमआयटीमधील एका संगणकावरून, आपोआप आपल्या प्रती काढीत पसरणारा एक प्रोग्रॅम सोडला. त्या प्रोग्रॅमच्या अनेक युक्त्यांपैकी एक अगदी साधी होती: वापरणाऱ्याचे स्वतःचेच नाव, ते नाव उलटे, आणि नेहमीच्या काही शब्दांची एक यादी, हे सारे पासवर्ड म्हणून घालून पाहणे. ही युक्ती पुष्कळ ठिकाणी फळाला आली. प्रोग्रॅमच्या प्रती कर्त्याच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने वाढल्या आणि, त्या काळच्या प्रचलित अंदाजाप्रमाणे, सहा हजारांच्या आसपास संगणक हतबल झाले. आपल्या हातून काय घडले हे ध्यानात येताच मॉरिसने हार्वर्डमधील एका मित्राकरवी, नाव न देता, हा प्रकार कसा थोपवावा याची सूचना धाडली. परंतु तोवर जाळेच तुंबून गेले होते आणि ती सूचना वेळेवर कोणाच्याच हाती पडली नाही. न्यायालयाने 1990 साली त्याला तीन वर्षांची परिवीक्षा, 400 तासांची समाजसेवा आणि 10,050 डॉलरांचा दंड सुनावला. पुढे हाच तरुण एमआयटीमध्ये प्राध्यापक झाला. संकटाच्या वेळी कोणी कोणाला कळवावे याची कसलीच तजवीज नाही हे या घटनेने उघडे पडले आणि त्याच महिन्यात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट हे समन्वय-केंद्र स्थापन झाले. त्याच धर्तीवर आपल्या देशात 2004 पासून सर्ट-इन काम करीत आहे.

ज्या संस्थेजवळ गंगाजळी नाही तिच्यावर असा घाला केवढा जड पडतो, हे अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या लिंकन कॉलेजने अनुभवले. 1865 साली स्थापन झालेले हे कॉलेज महामारीने आधीच खंगले होते. डिसेंबर 2021 मधील हल्ल्याने प्रवेशासंबंधीची सारी माहिती कित्येक आठवडे अडकून पडली, ती मोकळी झाली तेव्हा विद्यार्थ्यांची तूट भरून निघण्याजोगी राहिली नव्हती, आणि 13 मे 2022 रोजी कॉलेज कायमचे बंद झाले.

आपल्या महाराष्ट्रातील महाविद्यालयांकडे पाहिले, तर जोखीम केवळ संस्थेच्या दफ्तराची नाही, ती मुलांच्या संसाराची आहे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तालुक्याच्या गावातील मुलगी आधार क्रमांक, बँक-खाते आणि पासवर्ड यांसह आपले सर्वस्वच एखाद्या सायबर कॅफेवाल्याच्या स्वाधीन करते. परीक्षेचे अर्ज झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर छापले जातात आणि कागदपत्रे तेथेच राहतात. शेवटच्या वर्षाच्या मुलाला नामांकित कंपनीच्या नावाने नोकरीचे पत्र येते, मुलाखतीपूर्वी ‘परत मिळणारी अनामत’ मागितली जाते, आणि घरची आशा त्या पत्राला चिकटलेली असल्यामुळे शंका घेण्याचे बळ कोणालाच होत नाही. याहून भयंकर प्रकार खाते भाड्याने देण्याचा. ‘तुझ्या खात्यावर पैसे येतील, ते पुढे पाठव, थोडे तुला ठेव’, असे कोणी ओळखीचाच सांगतो. पैसा असतो दुसऱ्या कोणा फसविल्या गेलेल्या माणसाचा, आणि पोलिसांचा तपास प्रथम येऊन थडकतो तो या विद्यार्थ्याच्या दारी, कारण कागदोपत्री त्याचेच नाव असते. हे सारे मुलांना कोणी आधी सांगितले होते काय, असा प्रश्न मी विचारतो तेव्हा बहुतेक ठिकाणी उत्तर नकारार्थी येते.

जागृतीचे प्रयत्न होत नाहीत असे नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सायबर जागरूकता दिवस पाळण्याची सूचना महाविद्यालयांना केली आहे. पुण्याच्या क्विक हील कंपनीच्या प्रतिष्ठानाने महाविद्यालयीन मुलांनाच तयार करून त्यांच्याकरवी शाळांत आणि वस्त्यांत हा विषय पोहोचविण्याचा उपक्रम चालविला आहे. हा दुसरा मार्ग मला अधिक फलदायी वाटतो. सभागृहात शंभर चित्रफिती दाखविल्याने जे साधत नाही, ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी आठवडी बाजारात एक पथनाट्य बसविले असता साधते, कारण जे दुसऱ्याला समजावून द्यावयाचे ते आधी स्वतःला नीट समजावे लागते.

मात्र काय शिकवावयाचे याबाबत फार गोंधळ आहे. दर महिन्याला पासवर्ड बदला, त्यात चिन्हे घाला, अंक घाला, हे जुने फर्मान अजून भिंतीवर लटकते. वास्तविक अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 2017 सालीच ही सक्तीची अदलाबदल अनावश्यक ठरविली, कारण कंटाळलेला मनुष्य जुन्याच शब्दापुढे एक अंक वाढवून मोकळा होतो. पासवर्ड लांब असावा, प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा, शक्य तेथे मोबाइलवरून दुसरी पडताळणी लावावी, संगणकाच्या दुरुस्त्या टाळू नयेत, आणि महत्त्वाच्या कामाची एक प्रत जाळ्यापासून तोडून वेगळी ठेवावी. ऐन प्रबंधाच्या मुदतीत ज्याचा लॅपटॉप गेला आहे त्याला या शेवटल्या गोष्टीचे मोल सांगावे लागत नाही. आणि हे केवळ विद्यार्थ्यांना सांगून भागत नाही. शुल्काची खाती सांभाळणारा कारकून, निकाल चढविणारा कंत्राटी सहायक, ग्रंथपाल, यांच्या हाती संस्थेच्या किल्ल्या असतात, आणि व्याख्यानाच्या दिवशी कार्यालय उघडे ठेवावयाचे म्हणून त्यांनाच नेमके वगळले जाते.

काही संस्था बनावट फसवी ई-मेल धाडून कोण बळी पडतो याची परीक्षा घेतात. शिकविण्यासाठी असे करणे योग्यच आहे, परंतु चुकलेल्यांची नावे फलकावर लावण्याचा मोह झाला तर सारा उद्देश फुकट जातो. ज्याला एकदा लाज आणली तो पुढल्या वेळी खरी चूक झाल्यावर गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यातूनच परक्यांना हिंडावयास दोन महिने मिळतात. पैशाच्या बाबतीत तर तासांचा हिशेब असतो. 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार लागलीच नोंदविली, तर पैसा ज्या ज्या खात्यांतून पुढे सरकत असेल त्या बँकांना इशारा जातो आणि अद्याप काढून न घेतलेली रक्कम तेथेच अडविता येते. वसतिगृहात मित्रांपासून लपवीत रात्र काढणाऱ्या मुलाच्या बाबतीत सकाळपर्यंत अडविण्याजोगे काही उरत नाही.

म्हणून महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे, की येत्या जूनमध्ये माहितीपुस्तिका छापताना त्यांनी तिच्या पहिल्या पानावर तीन गोष्टींना जागा द्यावी: 1930 हा क्रमांक, संगणकासंबंधीची कोणतीही शंका वा चूक ज्याच्याकडे दिवसा-रात्री कळविता येईल अशा एका जबाबदार व्यक्तीचे नाव व दूरध्वनी, आणि आपली चूक आपण होऊन कळविणाऱ्या विद्यार्थ्यास अथवा कर्मचाऱ्यास त्या चुकीबद्दल शिक्षा होणार नाही, असे प्राचार्यांच्या सहीचे वचन.