रक्तातील खुणा : कर्करोगावरील उपचारांचे मोजमाप

मन्याड नदीच्या खोऱ्यातील कंधार हे गाव राष्ट्रकूटकालीन अवशेषांसाठी आणि भुईकोट किल्ल्यासाठी प्रसिद्ध आहे. या परिसरातील कर्करोगाच्या रुग्णांना उपचारासाठी नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर, बार्शी, प्रसंगी मुंबईची वाट धरावी लागते. रुग्ण गावी परततो तेव्हा त्याच्यासोबत रक्ततपासणीचा कागद असतो. त्यावरील आकडा वाढला तर घरात घबराट होते. उतरला तर औषध थांबविण्याचा मोह होतो. हा कागद पुष्कळदा गावातील शिक्षकापुढे किंवा पंचायत सदस्यापुढे वाचण्यासाठी येतो. यास्तव त्याचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

खूण म्हणजे काय?

काही कर्करोगांच्या पेशी विशिष्ट द्रव्ये निर्माण करतात व ती रक्तात मिसळतात. या द्रव्यांना अर्बुद-निदर्शक किंवा ‘ट्यूमर मार्कर’ म्हणतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंधित ‘सीईए’ हे द्रव्य १९६५ साली कॅनडातील गोल्ड व फ्रीडमन या संशोधकांनी दाखवून दिले. स्त्रियांच्या बीजांडकोशाच्या कर्करोगात उपयुक्त ठरलेल्या ‘सीए-१२५’चा शोध १९८१ सालचा आहे. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी ‘पीएसए’, तर वृषणाच्या कर्करोगासाठी ‘एएफपी’ व ‘एचसीजी’ ही द्रव्ये मोजतात.

आकड्यांची दिशा

उपचारापूर्वी प्रथम मोजणी होते आणि पुढील प्रत्येक आकडा तिच्याशी ताडून पाहिला जातो. समजा, बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या एका रुग्णेचे ‘सीए-१२५’ उपचारापूर्वी ८०० होते. औषधांच्या फेऱ्यांनंतर ते २०० व पुढे ३० झाले. सर्वसाधारण मर्यादा ३५ मानली जात असल्याने औषध लागू पडत असल्याचे हे सुचिन्ह होय. वृषणाच्या कर्करोगात हे गणित अधिक नेमके असते. रक्तातील ‘एचसीजी’ सुमारे एक ते दीड दिवसात, तर ‘एएफपी’ पाच ते सात दिवसांत निम्मे होते. शस्त्रक्रियेनंतर या गतीने आकडा उतरला नाही, तर रोग कोठेतरी शिल्लक असल्याची शंका येते.

आकडा फसवितो तेव्हा

तथापि एकट्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. पोटाचा क्षय, मासिक पाळी, गर्भारपण किंवा यकृताचे विकार यांतही ‘सीए-१२५’ वाढते. धूम्रपान करणाऱ्यांत ‘सीईए’ मुळातच अधिक असू शकते. रसायनोपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत पेशी नष्ट होत असताना आकडा तात्पुरता चढू शकतो. ते अपयशच असेल असे नाही. दोन प्रयोगशाळांच्या पद्धती भिन्न असल्याने त्यांचे आकडेही जुळत नाहीत. उलटपक्षी, काही रुग्णांत रोग वाढूनही आकडा हलत नाही. म्हणूनच शारीरिक तपासणी, सोनोग्राफी वा सीटी स्कॅन यांची जोड आवश्यक ठरते.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासाने याबाबत महत्त्वाचा धडा दिला. उपचार पूर्ण झालेल्या स्त्रियांपैकी काहींना केवळ ‘सीए-१२५’ वाढताच पुन्हा औषधे सुरू केली. इतरांच्या बाबतीत लक्षणे दिसेपर्यंत थांबण्यात आले. लवकर औषध मिळालेल्या स्त्रियांचे आयुर्मान वाढले नाही; औषधांचा त्रास मात्र त्यांना अगोदर सोसावा लागला.

ग्रामीण भागातील वास्तव

बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीसह मराठवाड्यातील परांडा व भूम तालुके तिच्या कक्षेत आले. स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असल्याचे या नोंदणीने दाखवून दिले. या रोगाचे, तसेच तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे निदान रक्तातील खुणांवरून होत नाही. तोंडातील न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा प्रत्यक्ष तपासूनच पाहावा लागतो. निरोगी माणसाने धास्तीपोटी या चाचण्या करून घेण्यात हशील नाही.

गावाने काय करावे?

रुग्णाचे सर्व अहवाल तारीखवार एका फाइलमध्ये ठेवावेत. चाचणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच करावी. आकडा पाहून औषध बंद करू नये किंवा नवे सुरू करू नये. खर्चाची अडचण असल्यास महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली संलग्न रुग्णालयांत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, रसायनोपचार व किरणोपचारांची सोय आहे, ही माहिती कुटुंबाला द्यावी. कागदावरील आकडा हा उपचाराच्या वाटेवरील मैलाचा दगड आहे. वाट कोणती धरावयाची, हे रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. एवढी जाणीव गावोगावी पोहोचली, तर अकारण भीतीने खचणारे आणि अर्ध्यावर उपचार सोडणारे अनेक रुग्ण सावरतील.