कुंडीतल्या अंजिराला कात्री लावा

सूरह तीन अंजिराच्या शपथेने सुरू होते, म्हणून कल्याणच्या गच्चीवर आम्ही हौसेने रोप लावले. शेंडा कापायला हात धजावला नाही. दोन वर्षे नुसती काठी उभी राहिली. कापडाला बेधडक कात्री लावणारे आम्ही!

शेंडा वाढतो तोवर खालचे डोळे झोपलेले असतात. पुरंदरचे (ज्यांच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळाले) बागाईतदार दरवर्षी छाटणी करतात, कारण फळ नव्या फुटीवर धरते. आता आम्ही पाऊस सरल्यावर गुडघाभर उंचीवर, डोळ्याच्या जरा वर कापतो. ओल्या हवेत पानांवर तांबेरा येतो. चीक अंगाला लागल्यास खाज सुटते. चहूबाजूंच्या तीन-चार फुटी ठेवून बाकीच्या खुडाव्यात. कापलेली काडी फेकू नये, मातीत खोचल्यास रुजते.