विश्लेषण : जुनी स्पोर्ट्स बाइक घेताना ‘फायबर’च्या आत काय पाहावे?

पहिली नोकरी लागली, की अनेकांची नजर स्पोर्ट्स बाइककडे वळते. नवी परवडत नाही, म्हणून सेकंड हँडचा शोध सुरू होतो. पण या गाड्या बहुतेकदा जोरात पळवण्यासाठीच घेतलेल्या असतात आणि पडल्याच्या खुणा बाहेरचे फायबर बदलले की दिसेनाशा होतात. त्यामुळे साध्या कम्युटर बाइकपेक्षा इथे फसगतीची शक्यता जास्त.

नवख्याने कोणती निवडावी?

आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचा परवाना मिळाला, की १५० सीसी काय किंवा १००० सीसी काय, कायद्याला फरक पडत नाही. म्हणून मर्यादा स्वतःच घालून घ्यावी लागते. यामाहा आर१५ची ताकद १८-१९ अश्वशक्तीच्या आसपास, केटीएम आरसी २०० ची सुमारे २५, दोन सिलिंडरच्या कावासाकी निन्जा ३०० ची ३९, तर आरसी ३९० ची ४० च्या पुढे. पहिल्या एक-दोन वर्षांसाठी आर१५ पुरेशी आहे आणि तिचे काम जाणणारे मेकॅनिकही सहज सापडतात. आरसी ३९० ‘थोडीच महाग मिळतेय’ म्हणून पहिली गाडी म्हणून घेणे, हा मोह टाळलेला बरा.

गाडीचे वर्षही महत्त्वाचे. १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक झाले. त्याआधीची गाडी स्वस्त मिळेल, पण पावसाळ्यातल्या निसरड्या रस्त्यावर फरक कळतो. आणखी एक छोटा हिशेब : आर१५च्या पहिल्या दोन पिढ्या १५० सीसीच्या आतल्या, तर २०१८ मध्ये आलेली तिसरी पिढी १५५ सीसीची. जून २०२२च्या दरपत्रकानुसार थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक हप्ता पहिल्या गटाला ७१४, तर दुसऱ्याला १३६६ रुपये आहे. ३५० सीसीच्या वर तो २८०४ रुपयांवर जातो.

आणि हो, बसून पाहा. तिसऱ्या पिढीच्या आर१५चे सीट ८१५ मिमी उंच आहे. सिग्नलला पाय नीट टेकत नसतील, तर पहिली पडझड तिथेच होणार.

पडलेली गाडी कशी ओळखायची?

चकचकीत रंगाकडे नव्हे, टोकांकडे पाहावे. हँडलची टोके, ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरचे गोळे, फूटरेस्टची टोके, सायलेन्सरची बाहेरची बाजू, इंजिनचे कव्हर. गाडी आडवी झाली, की आधी हेच घासते. एकाच बाजूचे लिव्हर, इंडिकेटर आणि फायबर नवे असेल, तर कारण विचारा. उभ्या गाडीला धक्का लागून पडली असेल, तर ते फार मनावर घेऊ नये. धावत्या गाडीचा अपघात मात्र वेगळा.

त्याची खूण हँडलच्या खाली मिळते. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवल्यावर चॅसिसवरच्या ज्या छोट्या धातूच्या अडणीवर ते थांबते, ती चेपलेली, तुटलेली किंवा तिथे ताजा रंग दिसला, तर समोरून जोराचा मार बसलेला असतो. अशा गाडीचा विषय तिथेच संपवावा. फायबरचे स्क्रू झिजलेले, आतली लॉक तुटून फेविक्विकने चिकटवलेली असतील, तर ते अनेकदा उघडले गेले आहे. मालक फायबर काढू देत नसेल, तर टॉर्च मारून रेडिएटर आणि त्याचे ब्रॅकेट तरी पाहा.

पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यभागी ‘टक’ असे अडकत असेल, तर कोन सेट गेला आहे. पुढच्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाचे वर्तुळ दिसले, तर सील बदलावे लागेल. ही दुरुस्ती होण्यासारखी आहे, फक्त किमतीतून वजा व्हायला हवी. टायरवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मागच्या स्प्रॉकेटचे दाते वाकड्या आकड्यासारखे झाले असतील, तर चेन-किटचा खर्च ठरलेला.

इंजिन थंडच का हवे?

गाडी पाहायला जाताना ‘आधी सुरू करून ठेवू नका’ असे सांगावे. पोहोचल्यावर इंजिनला हात लावून पाहा. गरम असेल तर थंड सुरुवातीची अडचण लपवली जात असण्याची शक्यता असते. सुरू केल्यावर निळसर धूर म्हणजे तेल जळतेय, पुढे बोरिंगचा खर्च. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर कुलंट तेलात मिसळत असू शकते. गाडी दहा-पंधरा मिनिटे जागेवर सुरू ठेवा. रेडिएटरचा पंखा आपोआप फिरायला हवा. चावी लावल्यावर एबीएसचा दिवा लागून, गाडी थोडी चालली की विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर बिघाड लपवण्यासाठी काढलेला असू शकतो. मूळ सायलेन्सर सोबत मागून घ्या. आवाजाचे सायलेन्सर पोलीस जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात, हे महाराष्ट्रात अनेकदा दिसले आहे.

पैसे कधी द्यावेत?

आरसीवरील चॅसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळल्यानंतरच टोकन. एमपरिवहन अॅपवर विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा दिसतो. राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर थकलेला दंड. बोजा असेल, तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडी दुसऱ्या आरटीओकडची असेल तर फॉर्म २८. परराज्यातली स्वस्त गाडी इथे नोंदवताना रस्ता कर पुन्हा भरावा लागतो, तेव्हा ती तितकी स्वस्त राहत नाही. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही पाहावे.

‘नावावर नंतर करू’ हे दोघांनाही महागात पडते. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. दुसरीकडे, विमा जुन्या मालकाच्याच नावावर राहिला आणि गाडी चोरीला गेली, तर खरेदीदाराचा दावा नाकारला जाऊ शकतो. विमा नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांची मुदत असते आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्यासोबत मिळत नाही.