मुलांसाठी पुस्तक निवडताना

आपल्या घरी मुलांच्या पुस्तकांचा एखादा खण असेल, तर सवड काढून तो एकदा उघडून पाहावा, अशी वाचकांना विनंती आहे. त्यात गोष्टींची पुस्तके बहुधा पुष्कळ सापडतील, आणि ती कशी निवडावीत हे आपणा सर्वांस थोडेफार कळतेही. गोष्ट रंगली की मूल आपण होऊन सांगते. परंतु त्याच खणात ग्रहताऱ्यांविषयी, पशुपक्ष्यांविषयी, थोर स्त्रीपुरुषांविषयी माहिती देणारी जी चार-सहा पुस्तके असतील, ती कशी निवडली होती हे आठवून पाहावे. वाढदिवसाला कोणी दिले, प्रदर्शनात स्वस्त मिळाले, मुखपृष्ठ चकचकीत होते, यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. आमच्या घरीही निराळे काही नव्हते.

इंदूरला माझ्या भावाकडे घडलेला एक प्रसंग सांगते. भाचा तेव्हा दुसरीत होता. भावाच्या लहानपणीचे सूर्यमालेवरचे एक पुस्तक त्याला माळ्यावरच्या पेटीत सापडले आणि आठ दिवसांत त्याने ते जवळजवळ पाठ केले. शाळेत बाईंनी ग्रह किती असे विचारताच तो उभा राहून मोठ्या आवाजात ‘नऊ’ म्हणाला, आणि सारा वर्ग हसला. घरी आल्यावर तो रडला नाही. पुस्तक माझ्यासमोर धरून त्याने एवढेच विचारले, “आत्या, हे पुस्तक खोटं बोलतं का?”

पुस्तक खोटे बोलत नव्हते. ते छापले गेले तेव्हा ग्रह नऊच मानले जात असत. प्लूटोचा शोध १९३० साली लागला आणि पुढे शहात्तर वर्षे तो ग्रह म्हणून गणला गेला. १९९२ पासून मात्र नेपच्यूनपलीकडे तसेच दुसरे लहान गोल एकामागून एक सापडू लागले, आणि २००५ साली तर आकाराने प्लूटोच्या तोडीस तोड असा एरिस सापडला. प्लूटोला ग्रह म्हणावे, तर याला का म्हणू नये? आणि यालाही म्हणावे, तर ही यादी थांबावी कोठे? अखेर २००६ साली प्राग येथे भरलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या अधिवेशनात ग्रहाची व्याख्या ठरविण्यात आली, आणि प्लूटो बटुग्रहांत जाऊन बसला. असे होण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८०१ साली सापडलेला सेरेसही कित्येक दशके ग्रहांतच मोजला जात होता. हे सारे मी भाच्याला सांगितले, तेव्हा त्याला प्लूटोपेक्षा सेरेसचीच गंमत अधिक वाटली. त्याने त्या जुन्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने ‘२००६ पासून ८’ असे लिहिले आणि पुस्तक पुन्हा खणात ठेवून दिले.

म्हणून माहितीचे पुस्तक विकत घेताना प्रथम मुखपृष्ठ उलटून आतल्या पानावरील सन पाहावा, असे मी आता सांगत असते. मात्र एक सावधगिरी हवी. पुनर्मुद्रण म्हणजे सुधारलेली आवृत्ती नव्हे. जुनाच मजकूर नव्या कागदावर छापून त्यावर नवा सन घातलेली पुस्तके बाजारात पुष्कळ आढळतात. अशा वेळी जे अलीकडे बदलले आहे असे आपणास ठाऊक आहे, नेमके तेच त्यात काढून पाहावे. प्राण्यांचे पुस्तक असेल तर चित्ता पाहावा. १९५२ साली भारतातून नामशेष म्हणून जाहीर झालेला हा प्राणी १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात पुन्हा सोडण्यात आला. नामिबियातून आठ चित्ते तेव्हा आणले गेले. हे आफ्रिकेतील चित्ते आहेत आणि पूर्वी आपल्या माळरानांवर होते ते आशियाई जातीचे, एवढा भेद ज्या पुस्तकात सांगितलेला असेल, ते नि:शंक घ्यावे. भूगोलाचे पुस्तक असेल तर तेलंगण २०१४ सालापासून स्वतंत्र राज्य झाले आहे, ते नकाशात दाखविले आहे की नाही हे पाहण्यास अर्धे मिनिट लागते.

जुने होऊन चुकीचे ठरलेले पुस्तक एक वेळ परवडले. जे कधीच बरोबर नव्हते, पण एकाने लिहिले म्हणून दुसऱ्याने लिहिले, असे पुस्तक ओळखणे कठीण असते. आपण शाळेत असताना जिभेचे एक चित्र काढले असेल: टोकाला गोड, मागे कडू, कडांना आंबट आणि खारट. एका जर्मन संशोधकाने १९०१ साली जिभेच्या निरनिराळ्या भागांतील जे अगदी किरकोळ फरक नोंदविले होते, त्यांचा पुढे विपर्यास होऊन हा ‘नकाशा’ जन्मास आला. वस्तुतः चारही चवी जिभेच्या सर्व भागांना कळतात. मिठाचा कण जिभेच्या टोकावर ठेवून पाहिले, तर कोणाही मुलाला हे स्वयंपाकघरातच पडताळता येईल. तरी ते चित्र अद्याप नव्या पुस्तकांतूनही छापले जाते! उंटाच्या मदारीत पाणी असते हेही तसेच. तेथे पाणी नव्हे, चरबी असते. चित्रांकडेही याच नजरेने पाहावे. बर्फाच्या एकाच कड्यावर पांढरे अस्वल आणि पेंग्विन शेजारी शेजारी उभे असलेले दिसले, की ते पुस्तक खाली ठेवावे. पहिल्याचे घर उत्तर ध्रुवाकडे आणि दुसऱ्याचे दक्षिण गोलार्धात. रानात त्यांची गाठ पडणे नाही.

आता कोणी म्हणेल, इतके सारे आम्हांस तरी कोठे ठाऊक असते? खरे आहे. पण पुस्तक आपली परीक्षा स्वतःच देत असते. लेखक ‘असे आहे’ म्हणून थांबतो, की ‘हे कसे कळले’ तेही सांगतो, हे पाहावे. अमुक पक्षी हिवाळ्यात दूरदेशाहून येतो, एवढे वाक्य पुरे नव्हे. त्याच्या पायात खुणेचे वाळे घालून तो पुन्हा कोठे सापडतो याची नोंद ठेवतात, हे वाचले की मूल थबकते आणि विचार करू लागते. मागे सूची असावी, लिहिणाऱ्याचे नाव असावे. ज्या पुस्तकावर कोणाचेच नाव नसते, त्याची जबाबदारीही कोणी घेतलेली नसते.

चरित्रांच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. ‘त्या फार थोर होत्या’ या वाक्याने मुलाच्या मनात काहीही उभे राहत नाही. सावित्रीबाई फुले यांनी जोतिरावांच्या बरोबरीने १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा चालविली आणि १८९७ सालच्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने त्यांना मृत्यू आला, हे साधे शब्दांत सांगितले की विशेषणांची गरजच उरत नाही. जेथे पानापानावर ‘महान’ आणि ‘तेजस्वी’ आढळते, तेथे लेखकाजवळ माहिती थोडी आहे असे खुशाल समजावे.

येथवर सांगितले ते वाचता येणाऱ्या मुलांविषयी. परंतु जे मूल नुकते अक्षर जोडू लागले आहे, त्याचे पुस्तक निवडणे याहून नाजूक काम आहे. मोठ्यांस त्यातील अडचण दिसत नाही, कारण आपण वाचतो कसे हेच आपण विसरलेले असतो. ‘कि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते, पण तिचा उच्चार नंतर होतो. ‘सूर्य’ या शब्दातला ‘र’ तर ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि म्हणावयाचा मात्र आधी. सहा वर्षांच्या मुलाचा डोळा या वळणावर अडखळतो, यात त्याचा मंदपणा नाही.

एक गंमत पाहा. सूर्य, चंद्र, ग्रह, पृथ्वी, नक्षत्र: आकाशाविषयीचे पहिले पाचही शब्द जोडाक्षरांचे आहेत! म्हणजे ज्या विषयाची मुलाला सर्वांत अधिक ओढ, तोच त्याला स्वतः वाचावयास सर्वांत अवघड. अशा वेळी ते पुस्तक नाकारू नये. ते आपण वाचून दाखवावे आणि त्याच्या स्वतःच्या वाचनाकरिता पाऊस, माती, नदी, झाड, मुंगी, बैल असे विषय निवडावेत. या शब्दांत एकही जोडाक्षर नाही, आणि मुंगीविषयी सांगण्यासारखे आकाशापेक्षा कमी आहे असे थोडेच आहे!

मात्र सोपे म्हणजे निर्जीव नव्हे. ‘कमल बघ. बदक बघ. नळ बघ.’ अशा ओळी काना-मात्रा टाळण्यासाठी रचलेल्या असतात. घरात असे कोणी बोलत नाही. मुलाला ऐकून माहीत असलेली, बोलण्यातली वाक्ये हवीत, आणि तीच थोड्या फरकाने पुन्हा यावीत, म्हणजे ओळखीचा शब्द दुसऱ्या पानावर पुन्हा भेटतो. पानावर दोन-तीन ओळी, अक्षर ठळक, ओळीच्या शेवटी शब्द तोडलेला नको, आणि गडद चित्रावर मजकूर छापलेला तर मुळीच नको. पुस्तक झेपेल की नाही याची परीक्षा दुकानातच करता येते. मधले कोणतेही पान मुलाला वाचावयास सांगावे आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडावे. पान संपण्यापूर्वीच मूठ वळली, तर ते पुस्तक तूर्त आपण वाचून दाखविण्याचे आहे.

प्रथम बुक्स या २००४ साली स्थापन झालेल्या संस्थेने वाचनाच्या चार पायऱ्या ठरवून पुस्तके काढली आहेत. वय अथवा इयत्ता यांपेक्षा ही विभागणी मला अधिक प्रामाणिक वाटते. दुसरीतले मूल पहिल्या पायरीवर असले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. याच संस्थेने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे अनेक भारतीय भाषांतील गोष्टी विनामूल्य वाचता येतात. मराठीत माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके अवश्य पाहावीत. ‘राधाचं घर’मधील माणसे आपल्याच घरातून उठून गेल्यासारखी वाटतात. विज्ञानाच्या खेळांसाठी अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ आहे. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्या सामग्रीवर त्यांनी मुलांना भूमिती शिकविली आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांसाठी एक शब्द अधिक. भाच्याची शाळा हिंदी, घर मराठी. लिपी एकच असल्यामुळे हे सोपे जाईल अशी आमची समजूत होती. परंतु मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे निराळी, ‘ळ’ त्याच्या शाळेच्या पुस्तकात नाहीच, आणि शाळेत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, तर घरी शिक्षा म्हणजे शिक्षा! तो गोंधळून मराठी पुस्तक मिटून ठेवी. एकच गोष्ट दोन्ही भाषांत मिळवून आम्ही शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा त्या फरकांचाच त्याला खेळ वाटू लागला. गावात महाराष्ट्र मंडळ असेल तर त्याच्या ग्रंथालयात मुलांचे कपाट आहे का, ते विचारावे. नसेल तर चार कुटुंबांनी मिळून प्रत्येकी पाच पुस्तके आणली, तरी वीस पुस्तकांचे कपाट होते.

मूल स्वतः वाचू लागले की आपण त्याला वाचून दाखविणे बंद करतो, ही आणखी एक घाई. भाचा आता पाचवीत आहे, तरी मी इंदूरला असले की रात्रीच्या जेवणानंतर आम्ही दोघे एक पुस्तक घेऊन बसतो. डावे पान तो वाचतो, उजवे मी वाचते. सध्या मुंग्यांचे पुस्तक चालू आहे, आणि मध्येच थांबून अंगणातले वारूळ पाहून येण्याची मुभा दोघांनाही आहे.